पातळ पुस्तकांचे टॅग

टेबलावर तीस पुस्तकं होती. सगळी पातळ, सर्वांत जाड होतं तेही चार मिलिमीटरच्या पुढे नव्हतं. टॅगची गुंडाळी एक, तिच्यावर बत्तीस टॅग, म्हणजे दोन चुका माफ. एक प्लास्टिकची पट्टी, टॅग दाबून बसवायला एक रबरी रोलर, पुस्तकं उभी राहावीत म्हणून दोन लाकडी आधार. हातात धरायचा रीडर एक, बॅटरी पूर्ण भरलेली. टेबलापलीकडे परीक्षक एक, त्यांच्यासमोर चष्म्याची रिकामी डबी.

खोलीत अशी सहा टेबलं होती. माझं दाराजवळ, वहिनीचं पलीकडे खिडकीजवळ. मध्ये लोखंडी कपाट होतं, त्यामुळे मला तिचा फक्त अंबाडा आणि खुर्चीवर टाकलेली शाल दिसत होती.

काम सोपं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरच्या आत टॅग चिकटवायचा, संगणकावर त्या टॅगला त्या पुस्तकाचा नंबर द्यायचा, तीसही पुस्तकं शेजारी शेजारी उभी करायची आणि रीडर त्यांच्यासमोरून फिरवायचा. टॅग म्हणजे पाच सेंटीमीटरचा कागदासारखा चौकोन. आत चपट्या तारेचं वेटोळं आणि मध्ये कणाएवढी चिप. रीडर जवळ आला की वेटोळं जागं होतं आणि चिप आपला नंबर सांगते. तीसपैकी सत्तावीस नंबर आले की पास.

मी वहिनीने शिकवलं होतं तसं केलं. कण्यापासून दोन बोटं, तळापासून तीन सेंटीमीटर, प्रत्येक पुस्तकाला तीच जागा. माझा हात छान बसला होता. एकही टॅग वाया गेला नाही. उरलेले दोन मी परीक्षकांसमोर ठेवले, थोडं मिरवतच.

मग रीडर फिरवला. पडद्यावर सतरा.

"पुन्हा फिरव," परीक्षक म्हणाले. "हळू."

एकोणीस.

"अजून एकदा."

सोळा.

"सरासरी नको काढू," ते म्हणाले, कारण मी बहुधा ओठ हलवत होते. "आम्ही सर्वांत मोठा आकडा धरतो. एकोणीस." त्यांनी मधली दोन पुस्तकं उचलली, उघडली आणि एकमेकांना टेकवून माझ्यासमोर धरली. एक टॅग बरोबर दुसऱ्याच्या पाठीवर बसला होता. "दोन वेटोळी इतकी जवळ, समोरासमोर. एकमेकांचा सूर बिघडवतात. जाड पुस्तकात चालून जातं, मध्ये पानांची भिंत असते. पातळ पुस्तकांना टॅग वर-खाली लावायचे असतात, तीन उंचींवर, आळीपाळीने. हे कुणी सांगितलं नाही तुला?"

मी ती दोन पुस्तकं त्यांच्या हातून घेऊन परत रांगेत उभी केली.

"अर्जात फिजिक्स लिहिलंय तू," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात खिडकीकडून दुसऱ्या परीक्षकांचा आवाज आला. "तीसपैकी तीस. छान, बाई."

*

आमचं वाचनालय चार मजली आहे आणि त्याचा तंत्र विभाग जिन्याखाली आहे. तिथे सर्व्हरचं कपाट, दोन टेबलं आणि छतापर्यंत चढत गेलेला एक केबलांचा जुडगा. बाहेर लोक पुस्तकं घेतात, देतात, टॅग वाचणाऱ्या गेटमधून जातात. ते सगळं नीट चालावं म्हणून आत दोन माणसं बसतात. ती दोन माणसं म्हणजे वहिनी आणि मी. दोघीही हंगामी.

"सहा वर्षं हंगामी," वहिनी म्हणायची. "इतका लांब हंगाम कुठल्या पिकाचा असतो गं?"

मला दीडच वर्ष झालं होतं. मला इथे तिनेच चिकटवलं. मी पदवी घेऊन घरात भिंतींची लांबी मोजत बसले होते, तेव्हा ती ग्रंथपालबाईंकडे गेली आणि म्हणाली, माझी नणंद आहे, डोकं तल्लख आहे, फक्त शंका फार काढते. बाई म्हणाल्या, शंका काढणारंच माणूस हवंय, इथे कुणी काढत नाही.

मग एक दिवस बाईंनी आम्हाला वर बोलावलं. त्या बोलताना टेबलाचे खण एकेक करून लोटत जातात. शेवटचा खण बंद झाला की बोलणं संपलं असं समजायचं.

"वर्षअखेरीला तुमची दोन्ही पदं बंद होतायत," त्या म्हणाल्या. खण. "त्याऐवजी एक कायमचं पद मंजूर झालंय. तंत्रप्रमुख." खण. "पण प्रमाणपत्र लागेल. ग्रंथालय तंत्रज्ञानाची परीक्षा, लेखी आणि प्रात्यक्षिक. दोन्ही पास हवं. दोघी पास झालात तर जास्त गुणवालीला जागा. गुण सारखे आले तर जुनीला."

"आणि दोघी नापास झालो तर?" वहिनीने विचारलं.

"तर बाहेरचं माणूस," बाई म्हणाल्या आणि शेवटचा खण लोटला.

घरी दादा ऐकून हसला. माझा भाऊ फ्रीज दुरुस्त करतो. त्याच्या दृष्टीने जगात दोनच अवस्था आहेत, गार होतं किंवा होत नाही. "मला विचारलंय का कुणी कधी प्रमाणपत्र? फ्रीज गार झाला, विषय संपला."

"तुझं गिऱ्हाईक फ्रीजमध्ये हात घालून बघतं," मी म्हणाले. "आमच्या सर्व्हरमध्ये कोण हात घालणार? नोंदी नीट हलवल्या का, बॅकअपची राखीव प्रत खरंच परत चढते का, हे वाचकाला कसं कळणार? वजनावर शिक्का असतो तो कशासाठी? दुकानदार सज्जन आहे की नाही हे प्रत्येकाने शोधत बसू नये म्हणून."

"शिक्क्याच्या वजनानेसुद्धा काटा मारता येतो, पंतोजी," वहिनी म्हणाली.

पंतोजी हे माझं घरातलं नाव. दादाने ठेवलं, वहिनीने रूढ केलं.

"तो दुकानदाराचा दोष. शिक्क्याचा नाही."

"झालं! लागली पोथी," दादा म्हणाला आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

पण मी ते मनापासून बोलत होते. मला खरंच वाटायचं, आणि अजून वाटतं, की तंत्र विभागात बसणाऱ्याला परीक्षा असायलाच हवी. आमच्याआधी इथे एक गृहस्थ होते, त्यांना सगळं येतं अशी ख्याती होती. ते गेल्यावर कळलं की राखीव प्रती रोज निघत होत्या, पण त्यातली एकही उघडत नव्हती. कुणी उघडून पाहिलीच नव्हती. ख्यातीला परीक्षा नसते.

वहिनीला हे पटवायला मला आठवडा लागला. तिला परीक्षेची भीती होती. तिचं शिक्षण तुटकतुटक झालेलं, लग्नानंतर तिने एक पदविका पुरी केली होती, तीही भांडी घासता घासता पाठ करून. "आता या वयात नापास झाले तर तुझा दादा जन्मभर ऐकवेल," ती म्हणाली. मीच तिचा अर्ज भरला. फोटोसुद्धा मीच काढला, सर्व्हरच्या कपाटासमोर उभं करून. त्यात ती पकडलेल्या चोरासारखी दिसते म्हणून आम्ही खूप हसलो.

अभ्यासाचे सहा भाग होते. वाटणी तिने सुचवली.

"तीन तू वाच नि मला सांग. तीन मी वाचते नि तुला सांगते. डोकं तुझं जड, हात माझा हलका. नोंदी, सर्व्हर आणि ते नेटवर्क का काय ते तुझं. बारकोड, टॅग आणि गेट, वाचकांची खाती माझी. नाहीतरी टॅगिंग मीच केलंय इथलं, तू यायच्या आधी."

मला ते पटलं. आमचं काम असंच चालायचं. एकीने एक गोष्ट शिकायची आणि दुसरीला हातात द्यायची. दोघींनी तीच गोष्ट शिकत बसायला वेळच नसतो. ती म्हणाली गेट सुरू आहे, की मी गेटकडे बघायला जायचे नाही. मी म्हणाले सर्व्हर उठला, की ती वाचकांना आत सोडायची.

रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. मी माझे तीन भाग तिला शिकवले, आणि पुस्तकात नव्हतं तेही शिकवलं.

"बारकोडची यादी तक्त्यात उघडताना सांभाळ," मी तिला सांगितलं. "संगणकाला वाटतं हा आकडा आहे. मग पुढची शून्यं गळतात. शून्य शून्य चारशे सतराचं नुसतं चारशे सतरा होतं, आणि ते पुस्तक मग शोधून सापडत नाही. आधी सांगायचं की हा रकाना मजकुराचा आहे, आणि मग उघडायचं."

"तुला कसं माहीत?"

"मी गाळलीत ना. सगळ्या कथाविभागाची. दोन दिवस कादंबऱ्या बेपत्ता होत्या."

"ते तू केलं होतंस?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणि बाईंना म्हणालीस व्हायरस!"

"व्हायरस तू म्हणालीस. मी गप्प बसले."

लेखी परीक्षेत हाच प्रश्न आला, दहा गुणांचा. आम्हा दोघींनाही दहापैकी दहा मिळाले.

टॅगचा धडा तिने एका रविवारी घेतला. घरातली जुनी माहितीपत्रकं आणि पुठ्ठ्याचे चौकोन कापून. "कण्यापासून दोन बोटं. तळापासून तीन सेंटीमीटर. डोळे मिटून जमायला हवं. प्रत्येक पुस्तकाला तीच जागा, म्हणजे हात बसतो."

मी पंधरा-वीस चिकटवली. मग ती एकत्र उभी केली आणि थांबले.

"वहिनी, पातळ पुस्तकांचं काय? टॅग एकावर एक येतायत बघ."

ती ओट्याकडे तोंड करून फडकं पिळत होती. "येऊ देत की. गेटमधून काय पुस्तकं गठ्ठ्याने जातात? एकेकच जातात."

"पण कप्प्यावर मोजणी करताना? रीडर सगळ्यांना एकदम विचारतो."

"चालतं गं," ती म्हणाली. फडकं पुन्हा पिळलं, खरं तर त्यात आता पाणी नव्हतं. "सहा वर्षं लावतेय मी. चालतं."

मी भाजीतलं मीठ चाखून बघते. घरातली दोन्ही घड्याळं एकमेकांशी ताडून बघते. ऑफिसात रीडर होता, पातळ पुस्तकं होती, पाच मिनिटांत कळलं असतं. पण वहिनीचं बोलणं तपासून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. ती या घरात आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. सायकल तिने शिकवली. मागून धरलंय म्हणायची आणि खरंच धरलेलं असायचं, शेवटपर्यंत, मला वळून बघावं लागायचं नाही.

*

परीक्षा झाल्यावर ती मला बसथांब्यावर भेटली. शाल घट्ट गुंडाळून उभी होती.

"किती आले?"

"एकोणीस."

"अगं बाई!" ती म्हणाली आणि माझा दंड धरला. "मग आता?"

"प्रात्यक्षिकात नापास म्हणजे नापास. तुझे तीस."

"हो ना. मला काय कळतच नाही कसं झालं." ती बस येते का बघत होती, जिकडून बस येत नाही त्या बाजूला. "हातात पुस्तकं घेतली आणि आयत्या वेळी सुचलं. म्हटलं, जरा वर-खाली लावून बघावं."

"तीन उंचींवर?"

"असेल. मी काय मोजलं थोडंच?"

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. तिने मला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. माझी पिशवीसुद्धा तिनेच धरली.

निकाल लागला. लेखीत मला ब्याण्णव, तिला चौऱ्याहत्तर. प्रात्यक्षिकात तिला पूर्ण गुण, मी नापास. प्रमाणपत्र एक आलं, जाड कागदाचं, खाली उठावाचा शिक्का. दादाने ते दोन्ही हातांनी धरून पंख्याखाली उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि मग मिठाईचा पुडा उघडला.

"घ्या पंतोजी. सायन्सवाली आपटली आणि पदविकेवाली पहिली आली. कलियुग आहे."

"चिडवू नकोस तिला," वहिनी म्हणाली.

"अगं मी कुठे चिडवतोय? घरातल्या घरात आहे सगळं. या खिशातून त्या खिशात. काय गं?"

"हो," मी म्हणाले, आणि मिठाई खाल्ली. तो मुळीच वाईट माणूस नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ग्रंथपालबाईंनी मला एकटीला बोलावलं. या वेळी सगळे खण आधीच बंद होते.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "लेखीतले गुण बघितले मी. तुला माहीत आहे, माझ्या हातात असतं तर. पण आज मी तुला नियम वाकवून घेतलं, तर उद्या त्या कागदाला काय किंमत राहील?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"रागावून बोलतेयस?"

"नाही बाई. परीक्षा चुकलेली नाही. मला ते काम येत नव्हतं आणि परीक्षेने तेच सांगितलं."

मला आणखी एक वाक्य बोलायचं होतं: का येत नव्हतं, ते परीक्षा सांगत नाही. पण ते बोलले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि पुढचं मला अजून माहीत नव्हतं. मला फक्त एक शंका होती. शंका म्हणजे माहिती नव्हे.

*

वर्षअखेरीला मी माझ्याकडची सर्व्हरच्या कपाटाची चावी वहिनीला दिली. तिच्या टेबलावर नवी पाटी आली होती, तंत्रप्रमुख, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. तिने ते काढलं नव्हतं.

"काढ की," मी म्हणाले.

"राहू दे. धूळ बसते." तिने चावी पदराला बांधली, मग सोडली आणि खणात ठेवली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी परत बस. मी शिकवते ना."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"वहिनी, एक विचारू? टॅग वर-खाली लावायचे असतात, हे तुला आधी माहीत होतं?"

ती आधी हसली. मग हसणं गेलं.

"म्हणजे काय? मला माहीत असतं आणि मी तुला सांगितलं नसतं?"

"मी विचारतेय फक्त."

"तुझा ताप मी काढला. तुझ्या परीक्षांना डबे मी केले. ही नोकरी तुला कुणी लावली? आणि तू मला असं विचारतेस? नणंद म्हणून नाही वाढवली गं तुला, लेकीसारखी वाढवली." तिचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते. मी बारा वर्षांची असल्यापासून तिचं रडणं ओळखते. "तुझ्या दादाच्या गळ्याशपथ, आयत्या वेळी सुचलं."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? विश्वास आहे की नाही?"

"आहे," मी म्हणाले. आणि असावा असं मला मनापासून वाटत होतं. जागा गेली होती, ती परत यायची नव्हती, आणि दुसरीकडे कुठेतरी मला काम मिळालं असतं. पण घरी रोज संध्याकाळी त्याच टेबलावर मला तिच्यासमोर बसायचं होतं. तिने वाढलेलं खायचं होतं. तिने सांगितलेलं मानायचं होतं. यापुढे ती म्हणाली की गेट सुरू आहे, तर मला जाऊन बघावं लागणार का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

मी दोन शक्यता धरल्या. एक: तिला खरंच माहीत नव्हतं, जे ती स्वतः करत आली तेच तिने मला शिकवलं, आणि परीक्षेत नशिबाने सुचलं. तसं असेल तर ती निर्दोष, आणि मी तिचे पाय धरायला हवे होते. दोन: माहीत होतं.

कॉलेजात आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती. मोजण्याआधी ठरवायचं, कोणता आकडा आला तर काय मानायचं. नंतर ठरवलं तर माणूस आकड्यालाही आपल्या बाजूला ओढतो.

पातळ पुस्तकं सगळ्या इमारतीत एकाच ठिकाणी आहेत, तळमजल्यावरच्या बालविभागात. तिथलं टॅगिंग वहिनीने एकटीने केलं होतं, मी नोकरीला लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात. मी कायम वर, संदर्भ विभागातल्या जाडजूड पुस्तकांमध्ये. बालविभागात मला कधी काम पडलं नाही. आणि पडलं असतं तरी टॅग दिसले नसते. मुलं नखांनी टॅग खरवडतात, म्हणून तिथे मागच्या कव्हरच्या आतून पूर्ण आकाराचा एक चित्राचा कागद चिकटवलेला आहे. त्याच्याखाली टॅग कुठे आहे ते बाहेरून कळत नाही. उजेडावर धरलं तर कळतं.

पुस्तकं घेतली-दिली जातात, त्यांचा क्रम बदलतो. त्यामुळे आळीपाळीचा क्रम शिल्लक असेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. पण उंची बदलत नाही. सगळे टॅग तळापासून तीन सेंटीमीटरच्या आसपास असले तर पहिली शक्यता. तीन वेगवेगळ्या उंचींवर, साधारण सारख्या संख्येने असले तर दुसरी. हे मी वहीत लिहिलं नाही. पण बसमध्ये बसून स्वतःशी तीनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या अवजारांच्या पिशवीतली बॅटरी मागून घेतली.

"कशाला?"

"मोजायचंय थोडं."

"नोकरी गेली तरी मोजणं जात नाही तुझं," तो म्हणाला आणि सेल नवे घालून दिले.

तो माझा शेवटचा दिवस होता. दुपारी बालविभाग फरशी पुसायला बंद असतो. पुसणाऱ्या मावशी दाराकडून सुरुवात करून खिडकीकडे येत होत्या. "पाय उचल गं," असं त्या म्हणाल्या की मी स्टुलाच्या खालच्या दांडीवर पाय घ्यायचे. मी कपाट निवडलं ते भिंतीकडचं पहिलं, कप्पा मधला, पुस्तकं डावीकडून. निवडून घेतली नाहीत. एक पुस्तक दुरुस्तीहून आलेलं होतं, नव्या कव्हरचं. ते बाजूला ठेवलं, कारण त्याचा टॅग दुसऱ्या कुणी लावला असता. कव्हर बॅटरीवर धरलं की चित्रातल्या हत्तीच्या किंवा जहाजाच्या आतून वेटोळ्याची चौकोनी सावली उमटायची. तिचा मध्य धरायचा, पट्टी लावायची, आकडा बघायचा, पुस्तक परत जागेवर. पहिल्या काहींनंतर मी आकड्यांचा अर्थ लावणं थांबवलं आणि फक्त मोजत गेले.

"काय शोधतेयस?" मावशींनी बादली सरकवत विचारलं.

"टॅगची उंची."

"सापडली?"

"अजून मोजतेय," मी म्हणाले.

एकूण पुस्तकं पन्नास. टॅगचा मध्य तळापासून तीन सेंटीमीटरवर: अठरा. आठ सेंटीमीटरवर: पंधरा. तेरा सेंटीमीटरवर: सतरा. मोजमापातली चूक, कमी-जास्त दोन मिलिमीटर.